केमोचे २१ दिवस आणि ठाण्याचा पावसाळा: घरच्यांनी तयारी कशी करावी

बायकोची पहिली केमो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून. म्हणजे दोघंही एकाच आठवड्यात आमच्या घरी मुक्कामाला आले. आम्ही तयारी केली ती केमोच्या दिवसाची. रजा टाकली, डबा भरला, गाडी सांगून ठेवली, नवीन छत्र्याही आणल्या. तो दिवस अगदी सुरळीत गेला.

फजिती झाली ती नवव्या रात्री. दीड वाजता तिला १००.९ ताप. बाहेर धो धो पाऊस, सोसायटीच्या गेटपाशी पोटरीभर पाणी. एकामागून एक तीन कॅब रद्द झाल्या, आणि आमची गाडी बेसमेंटमध्ये, जिथला पाणी उपसायचा पंप नेमका त्या रात्री बंद होता. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्यांची उंच गाडी काढली, म्हणून पोहोचलो.

त्या रात्रीनंतर मी सगळं नियोजन उलटं मांडलं. केमोच्या दिवशी तुमच्याभोवती डॉक्टर असतात, नर्स असतात. खरी कसोटी त्यानंतरच्या आठवड्यात, घरात, पावसात लागते. म्हणून तयारी त्या आठवड्यासाठी करायची. पुढे जे लिहिलंय ते स्तनाच्या कॅन्सरच्या, दर २१ दिवसांनी मिळणाऱ्या केमोवरून. तुमची सायकल १४ दिवसांची किंवा दर आठवड्याची असेल तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "हिचे काउंट सगळ्यात खाली कोणत्या दिवसांत जातील?" काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या. उत्तर वहीत लिहून घ्या आणि इथले आकडे त्याप्रमाणे बदला.

१. कालनिर्णय आणि तीन रंगांची पेनं

केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी त्यात येतात, तशाच अस्थिमज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशीही. पण रक्तात आधीच फिरत असलेल्या पांढऱ्या पेशी त्याच दिवशी संपत नाहीत. त्या आपलं आयुष्य जगून संपतात आणि मागून नव्यांचा पुरवठा आलेला नसतो. त्यामुळे काउंट पडतात ते साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत. गंमत अशी की मळमळ तोवर ओसरलेली असते. माणूस उठून बसतो, "आज बरं वाटतंय" म्हणतो, आणि घरचेही सैल होतात. आमचं नेमकं हेच झालं.

कॅलेंडरवर केमोचा दिवस पहिला धरा. पहिले चार दिवस निळे: मळमळ, थकवा, झोप. सातवा ते चौदावा लाल. पंधरा ते एकवीस हिरवे.

आता त्याच पानावर अमावास्या आणि पौर्णिमा बघा. त्यांच्या आसपास खाडीला उधाणाची भरती असते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की नाल्यांचं पाणी खाडीत शिरत नाही, उलट मागे फुगतं. पावसाळ्यातल्या अशा भरतींच्या तारखा आणि वेळा दरवर्षी आधीच जाहीर होतात. लाल दिवस आणि उधाण एकत्र येत असतील तर त्या तारखेभोवती गोल करा. त्या दिवशी मी ऑफिसला जात नसे. बाकीच्या दिवसांचं बघू म्हणायला हरकत नाही, पण या तीन-चार तारखांना घरात एक धडधाकट, गाडी चालवू शकणारा माणूस हवाच.

२. ताप आला तर: वाट आजच ठरवा

हा भाग सगळ्यात मोठा आहे. बाकीचं विसरलात तरी एवढं लक्षात असू द्या.

डिजिटल थर्मामीटर दोन घ्या, कारण एकाचा सेल नको त्या रात्री जातो. लाल दिवसांत सकाळ-संध्याकाळ आणि कणकण वाटली की लगेच ताप मोजायचा, तोंडात किंवा काखेत. गुदद्वारातून कधीही नाही, तिथे इजा झाली तर जंतूंना वाट मिळते. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, ही रेषा. तिथे आकडा पोहोचला की डॉक्टरांनी दिलेल्या नंबरवर फोन आणि लगेच निघायचं, मग रात्रीचे तीन का असेनात. थंडी वाजून कुडकुडायला लागली असेल तर आकडा त्याखाली असला तरी फोन करा.

फोन करण्याआधी पॅरासिटामॉल द्यायची नाही. गोळीने आकडा खाली येतो, जंतू मात्र तिथेच असतात, आणि तुम्ही सकाळपर्यंत गाफील राहता. माझी आई म्हणाली होती, "अरे, गॅलरीत वाऱ्यात उभी होती, म्हणून अंग तापलं असेल. आल्याचा चहा दे, घाम आला की उतरेल." एरवी आईचं खरं असतं. पांढऱ्या पेशी नसलेल्या शरीरात मात्र पू होत नाही, सूज येत नाही, कधी खोकलाही नसतो. ताप ही एकच खूण मिळते. दवाखान्यात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, असा डॉक्टरांचा स्वतःचाच दंडक आहे. म्हणजे घरात चहा उकळत घालवलेला तास आपल्या खात्यातून जातो.

आता वाट. दोन दवाखाने ठरवा. पहिला तुमचा उपचार चालू आहे तो. दुसरा, पाणी तुंबतं त्या जागेच्या अलीकडचा, तुमच्याच बाजूचा, म्हणजे ज्याच्या वाटेत सखल भाग, भुयारी मार्ग किंवा रेल्वेचे रूळ ओलांडावे लागत नाहीत असा. ठाण्यात वंदना टॉकीजजवळचा एसटी डेपोचा भाग दोन तासांच्या पावसात तळं होतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. घोडबंदर रोडला राहत असाल तर गायमुखचा घाट आणि त्यातले खड्डे हिशेबात धरा. दुसऱ्या दवाखान्यात कोरड्या दिवशी, दुपारच्या वेळी स्वतः जाऊन तीन गोष्टी विचारून या. रात्री कॅज्युअल्टीत डॉक्टर असतो का? सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, चोवीस तास होते का? केमो चालू असलेल्या रुग्णाला ताप आला तर इथे ठेवून घेता का? आमच्या जवळच्या एका दवाखान्यात पहिल्या दोन प्रश्नांना "हो" आलं आणि तिसऱ्याला "आधी ऑन्कोलॉजिस्टचं (कॅन्सरच्या डॉक्टरांचं) पत्र आणा". मग ते पत्र आम्ही आणून फाइलला लावून ठेवलं. रात्री दीड वाजता ते कळलं असतं तर?

गाडीचं सांगतो. टोरांटोला राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने फोनवर सांगितलं की तिथे हिवाळ्यात घरात केमो सुरू झाली की पहिला प्रश्न असतो, रात्रीतून पडलेला बर्फ दारापुढून कोण उपसणार. शेजारी वार वाटून घेतात. ऐकायला दूरचं वाटलं, पण प्रश्न आपलाच होता. आम्ही सोसायटीत तीन घरं ठरवली, ज्यांची गाडी उंच आहे आणि बेसमेंटमध्ये नसते. वॉचमनलाही सांगून ठेवलं. लाल दिवसांत आमची गाडी मी गल्लीच्या चढावर लावत असे. रिक्षावाल्या एकाचा नंबरही घेतला होता. १०८ चा नंबर आईच्या फोनमध्ये पहिल्या जागी.

दाराजवळ एक बॅग, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली. तिच्यात फाइलच्या झेरॉक्स, शेवटचा सीबीसी, आधार आणि रेशनकार्डाची प्रत, विम्याचं कार्ड, चार्जर, दोन कपडे, मास्क, तिच्या रोजच्या गोळ्या, थोडी रोकड. सगळ्यात वर एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा: आजार, औषधांची नावं, शेवटच्या केमोची तारीख, शिरेत औषध सोडायला छातीत पोर्ट बसवलाय की हाताला पिक लाइन ही नळी, ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर. कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच: "केमो सुरू आहे, आज नववा दिवस, ताप १००.९." मग बाकीची कहाणी. आणि पावसाळ्यात तिथे तापाच्या, खोकल्याच्या रुग्णांची रांग असते, त्या बाकावर तिला बसवू नका. वेगळी जागा मागून घ्या. मागितली की बहुतेक वेळा मिळते.

३. ठाण्याहून उपचाराला जाणं

आमचे उपचार खारघरला, टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात. परळचं टाटा १९४१ पासूनचं; नवी मुंबईच्या बाजूच्या लोकांना खारघर जवळ पडतं, आणि पावसाळ्यात या अंतराला फार महत्त्व आहे. परळला जायचं तर मध्य रेल्वेवर कुर्ला-सायन-माटुंगा हा पट्टा आड येतो, जिथे रुळांवर पाणी चढलं की गाड्या थांबतात. ठाणे-पनवेल ट्रान्सहार्बर लोकल ऐरोली, तुर्भे, नेरूळ करत थेट खारघरला जाते आणि कुर्ल्याच्या भानगडीत पडत नाही. बेलापूरला उतरून मेट्रोही धरता येते. बेलापूर ते पेंधर हा मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे आणि खारघरच्या आतल्या सेक्टरमधून जातो. रस्त्याने जायचं तर ऐरोलीकडून ठाणे-बेलापूर रोड. मुंब्रा बायपासला पावसात दगडमाती खाली येते आणि अवजड वाहनांची रांग लागते ती वेगळीच.

लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना बसता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. दवाखान्याचा कागद जवळ ठेवा, कारण केस गेलेले नसतील तर डब्यातले लोक हटकतात. बायकोला एकदा एका गृहस्थांनी "तुम्हाला काय झालंय?" असं विचारलं. तिने कागद काढून दाखवला आणि शांतपणे खिडकीबाहेर बघत बसली. लांब पल्ल्याच्या गाडीनेही उपचारासाठी रुग्ण आणि सोबतच्या माणसाला सवलत मिळते. रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी आहे, सोबत्याला त्याच वर्गांत ७५ टक्के. गावाहून सासूबाई येत, तेव्हा हे नियम पाठ झाले. फॉर्मवर दवाखान्याचा सही-शिक्का लागतो.

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा बघायचा. केशरी असेल तर पहाटेची गाडी धरा. लाल असेल, म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पावसाची शक्यता, तर डे-केअरला आदल्या दिवशीच फोन करून विचारा. केमोची तारीख एखाद दिवसाने सरकवता येते का हे डॉक्टर ठरवतील. आपण परस्पर ठरवायचं नाही. रेडिएशनचं गणित निराळं. ते आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे सलग चालतं आणि मधे खंड पडू नये असं बघतात. त्या काळात आम्ही पाच आठवडे बेलापूरला आतेबहिणीकडे मुक्काम हलवला. भीड वाटली, पण तिनेच चावी हातात ठेवली. रेडिएशनसाठी अंगावर काढलेल्या खुणा घामाने आणि पावसाने पुसट होतात. स्वतः पेन घेऊन त्या गिरवू नका, तिथल्या टेक्निशियनला दाखवा.

पिक लाइन असेल तर दंडावरचं ड्रेसिंग भिजता कामा नये. सैल बाहीचा रेनकोट, त्याच्या आत प्लास्टिकचं आवरण. तरीही भिजलं, कडा सुटल्या, तर "रविवारी बघू" नको. त्याच दिवशी शिकलेल्या नर्सकडून बदलून घ्या. आणि ऑक्झालिप्लॅटिन नावाचं औषध चालू असेल तर एक सूचना: त्यात थंडीने बोटांना झिणझिण्या येतात, गार पाण्याने घशात आवळल्यासारखं होतं. बर्फाच्या देशातल्या लोकांना ती भीती दारातच असते. आपल्याकडे ती एसी लोकलमध्ये, फ्रिजच्या दांड्यावर आणि भिजल्या कपड्यांत लपलेली असते. हातमोजे आणि शाल जुलैतही जवळ ठेवा.

४. पहिले ४८ तास

केमोची औषधं लघवी, शौच, उलटी यांतून साधारण दोन दिवस बाहेर पडत राहतात. म्हणून कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश. उलटीचं भांडं धुताना हातमोजे. तिचे घामट, खराब झालेले कपडे आणि चादर वेगळे धुवायचे. कामाच्या मावशींना हे आधी नीट समजावून सांगा आणि हातमोजे आणून द्या, त्यांच्यावर नुसतं टाकून मोकळे होऊ नका. मावशी गरोदर असतील तर हे काम घरच्यांनीच करावं.

काउंट वाढवायचं इंजेक्शन घरी आणून ठेवायला सांगतात. ते दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवं. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरला चिकटून नाही, कारण गोठलं की वाया. लाइट गेली तर फ्रिज उघडझाक करू नका. वीज तासन्‌तास गेलीच तर तळाशी आइसपॅक, वर टॉवेलची घडी आणि त्यावर इंजेक्शन, असं थर्मासच्या डब्यात ठेवा.

५. ओल, पाणी आणि डास

ठाण्यात जुलैत भिंती घाम गाळतात. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर काळे ठिपके उगवतात, ती बुरशी. काउंट खाली असताना तिचे कण फुफ्फुसात जाणं धोक्याचं. बायकोची झोपायची खोली घरातली सगळ्यात कोरडी असावी, मग ती हॉल का असेना. आम्ही तेच केलं. बेडरूम आईला आणि लेकीला दिली. बुरशी पुसायची ती हिरव्या दिवसांत, बायको घरात नसताना, ओल्या फडक्याने. कोरडी झाडू मारली की कण सगळीकडे उडतात. एसीच्या जाळ्या धुवा आणि दुपारी तासभर ड्राय मोडवर चालवा. कुंड्या गॅलरीबाहेर, आणि माती तिने उकरायची नाही. तुळशीला पाणी घालणं मी घेतलं, त्यावर आईने नाक मुरडलं, पण चाललं.

कपडे वाळत नाहीत हे पावसाळ्याचं जुनंच रडगाणं. तिच्या खोलीत दोऱ्या बांधू नका. बाहेरच्या खोलीत पंख्याखाली, आणि अर्धवट वाळले की इस्त्री. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने तिला उमळून येई, म्हणून कपाटातून त्या हद्दपार केल्या.

पहिल्या सरींनंतर नळाला गढूळ पाणी येतं. प्यायचं, दात घासायचं, फळं धुवायचं पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या. झाकणाच्या, तोटी असलेल्या स्टीलच्या पिंपात ठेवा. पिंपात वाटी बुडवायची सवय आमच्या घरातली तीन पिढ्यांची आहे. ती मोडायला पहिला आठवडा गेला. विजेवर चालणारा फिल्टर लाइट गेल्यावर निव्वळ शोभेचा.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा जुना टायर. अंड्यातून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक ठरलेला वार, सगळं पाणी ओतून भांडी घासून कोरडी. केमोत प्लेटलेट पडतात आणि डेंग्यूतही पडतात, दोन्ही एकदम आले की डॉक्टरांचीही पंचाईत होते. आस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय याच दिवसांत डेंग्यूमुळे रक्तपेढ्यांत प्लेटलेटची ओढ असते आणि प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. कोणाचा रक्तगट काय, कोण ठाण्यात आहे, कोण रात्री येऊ शकेल, ही यादी जूनमध्येच करा. जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाचं रक्त थेट तिलाच देण्याबद्दल रक्तपेढीचे वेगळे नियम असतात. भाऊ यायला तयार असला तरी आधी विचारा.

राहिलो आपण. तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आलात तर त्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं, लेप्टो नावाचा ताप त्यातून होतो. खाली वॉचमनच्या नळावर पाय साबणाने धुवा, चपला बाहेर, कपडे थेट बादलीत, मग आंघोळ, मग तिच्याजवळ. पायाला जखम असताना पाण्यातून आला असाल तर ७२ तासांच्या आत तुमच्या डॉक्टरांना प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. तुम्हीच आडवे झालात तर ही सगळी यादी कोण चालवणार?

६. स्वयंपाकघर

नियम एकच: गरम, नुकतं शिजवलेलं, दोन तासांत खाल्लेलं. उरलेलं लगेच फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून. मोड आलेली मटकी कच्ची नाही. उसळ शिजवून खुशाल. वरून भुरभुरलेली कच्ची कोथिंबीर लाल दिवसांत बंद, फोडणीत घातलेली चालते. पाणीपुरी, उसाचा रस, गाडीवरची कापलेली फळं, लग्नातलं सॅलड बंद. सोलून खाता येतील अशी फळं: केळं, मोसंबी, डाळिंब.

पावसाळ्यात ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कुर्डू घेऊन बसतात. आमच्याकडे शेवळाची भाजी म्हणजे जीव की प्राण. पण शेवळं खाजरी. काकडांची फळं घालून नीट शिजवली तरी तोंड आलेलं असताना ती नकोत. तोंड आलं की एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून चार-पाच गुळण्या. मऊ भात, मुगाचं वरण, साजूक तूप, दुधातली शेवयाची खीर असलं काही जातं.

फोडणीच्या वासाने उलटी होत असेल तर स्वयंपाक ती झोपलेली असताना उरका. गरम अन्नाचा वास जास्त उठतो, म्हणून कोमट दहीभात पुष्कळांना सोसतो.

आणि काढे. नात्यातला प्रत्येक माणूस एक मुळी घेऊन येतो. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली आहे. केमोचा भार यकृतावर आधीच असतो. आम्ही सगळ्यांच्या पुड्या आदराने घेतल्या, माळ्यावर ठेवल्या, आणि "डॉक्टरांना विचारतो" म्हटलं. भांडण टाळायचं तर हे वाक्य सोन्याचं आहे.

७. घरी गणपती बसत असेल तर

आमच्याकडे दीड दिवसाचा. त्या वर्षी चतुर्थी बरोबर अकराव्या दिवशी आली. आईला मोडायचं नव्हतं, मला चाळीस माणसं घरात नको होती. दोन दिवस घरात अबोला. तोडगा बायकोनेच काढला: गणपती दिरांकडे डोंबिवलीला बसेल, आरती व्हिडिओ कॉलवर, आणि मोदक ती घरी बसून खाईल. आईने उकडीचे केले, वाफेतून काढलेले, गरम. त्यात धोका नाही. पंचामृत मात्र नाही. कच्चं दूध, मध, कितीतरी हातांची पळी. फुलदाणीतलं साठलेलं पाणी आणि निर्माल्य तिच्यापासून लांब.

पपनसाकडे कोणाचं लक्ष जात नाही. ते नेमकं गणपतीच्या दिवसांत बाजारात येतं आणि नैवेद्यात असतं. ग्रेपफ्रूट हा पपनसाचाच संकर, आणि दोन्ही फळं काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, त्यात कॅन्सरच्या काही गोळ्याही येतात. गोळ्या चालू असतील तर फोड तोंडात टाकण्याआधी डॉक्टरांना विचारा.

श्रावणातले उपास तिने धरले नाहीत. "पुढच्या वर्षी व्याजासकट करीन" म्हणाली.

८. लेक, आई आणि आम्ही दोघं

लेक तेव्हा तिसरीत. "आईला बरं नाही" एवढंच सांगून चालत नाही, मुलं चेहरे वाचतात. आम्ही कॅन्सर हा शब्द वापरला, तो शिवल्याने होत नाही हे सांगितलं, केस जातील आणि परत येतील हेही. शाळेच्या बाईंना भेटून एक विनंती केली: वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी फोन करा. मूल घरी येण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं लागतं. पावसाळ्यात फ्लूची लाट असते, म्हणून घरातल्या बाकीच्यांनी त्याची लस जूनच्या आधी घ्यावी. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर पोलिओच्या थेंबांबद्दलही आधी विचारा, ती जिवंत लस असते. लेकीला सर्दी झाली की ती आजीजवळ झोपे आणि दारातून आईशी बोले. हे कठीण गेलं, लपवत नाही.

लेकीला एक काम दिलं होतं: रोजचा ताप वहीत लिहायचा, शेजारी त्या दिवशी किती पाऊस पडला तेही. पेपरात बघून ती आकडा टिपे. डॉक्टरांनी ती वही दोनदा मागून पाहिली.

माझ्याबद्दल थोडं. दोन महिन्यांत मी नवऱ्याचा वॉचमन झालो होतो. खिडकी लाव, चप्पल घाल, हात धुतलेस का. एका संध्याकाळी ती गॅलरीत उभी होती, मी आत ये म्हटलं, तर म्हणाली, "अहो, वही बघा. आज सतरावा दिवस आहे." बरोबर होतं. हिरवे दिवस तिचे होते आणि मी तेही लाल करून टाकले होते. सीबीसी चांगली आली होती. तेव्हापासून तिसऱ्या आठवड्यात एक संध्याकाळ तलावपाळीची. मोठी छत्री, गर्दी नसलेला कोपरा, निखाऱ्यावरचं कणीस. लिंबू मी घरून धुऊन नेत असे, कारण गाडीवरचं अर्धं लिंबू दिवसभर सगळ्यांच्या कणसांवरून फिरतं.

तुम्हालाही झोप न लागणं, चिडचिड, रडू येणं होत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मी एकदाच केला, रात्री, जिन्यात बसून.

९. कागदपत्रं

थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि रेशनकार्डाचा रंग आड येत नाही. मात्र दवाखाना योजनेत हवा आणि मंजुरी उपचाराआधी हवी. त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, पहिल्याच भेटीत गाठा. खाजगी विमा असेल तर डे-केअर केमो आणि गोळ्या धरल्या आहेत का, खोलीभाड्याला मर्यादा आहे का, एवढं बघा. आयकराच्या जुन्या पद्धतीत अशा आजाराच्या उपचारखर्चावर (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडीबी) ४० हजारांपर्यंत, रुग्ण ज्येष्ठ असेल तर एक लाखापर्यंत वजावट मिळते. तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा. सगळे मूळ कागद प्लास्टिकच्या झिपच्या पाकिटात, जमिनीपासून वर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या चाळीतल्या घरात कपाटाचा खालचा खण बुडाला होता. तेव्हापासून आमच्याकडे खालच्या खणात फक्त जुनी भांडी.

१०. शेवटच्या केमोनंतर

शेवटची सलाइन उतरते तेव्हा डे-केअरमध्ये टाळ्या वाजतात, पेढे वाटले जातात. घरी येताना लेक म्हणाली, आता दाराजवळची बॅग उचलूया, जाता-येता पाय अडखळतो. मी हातही घातला होता. बायकोने कॅलेंडरकडे बोट दाखवलं. शेवटच्या सायकललाही सातवा ते चौदावा दिवस असतो, आणि तो परतीच्या पावसाचा पंधरवडा होता. बॅगेतला सीबीसी बदलला, पुठ्ठ्यावरची तारीख खोडून नवी लिहिली, गाडी चढावरच लावत राहिलो. बॅग उचलली ती काउंट वर आल्याचा रिपोर्ट हातात पडल्यावर.